डोंबिवलीत घरून काम 55 हजार, अंधेरीला जाऊन 70 हजार: काय निवडावं?

दोन्ही आकडे हातात येणारे आहेत ना, हे आधी बघा. ऑफर लेटरमधल्या सीटीसीत (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी, व्हेरिएबल पे (कामगिरीवर ठरणारा पगाराचा भाग) असं सगळं धरलेलं असतं.

हातातलेच असतील तर फरक 15 हजारांचा. डोंबिवलीहून फास्ट लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी, पुढे रिक्षा. दारापासून दारापर्यंत जाऊन-येऊन साडेतीन-चार तास सहज जातात. महिन्याचे 22 दिवस धरले तर 80 तासांच्या आसपास. लोकलचा पास स्वस्त आहे, पैसे खातात मेट्रो, रिक्षा आणि बाहेरचं खाणं. त्याला 4-5 हजार धरा. उरले 10 हजार, म्हणजे प्रवासाच्या तासाला साधारण सव्वाशे रुपये. आत्ता, रोजचे नऊ तास धरले तर, तुमचा कामाचा तास पावणेतीनशेच्या आसपास पडतो!

एवढ्यासाठी मी जाणार नाही. सकाळी आठच्या फास्टला डोंबिवलीत डब्यात पाय ठेवायला जागा नसते, लोक दारात लटकून जातात. जीवाची किंमत कुठल्याच हिशोबात बसत नाही. एकदा सोमवारी त्या वेळेला जाऊन बघाच.

नवीन जागी काम खरोखर वरच्या दर्जाचं असेल, दोन-तीन वर्षांत पगार बराच वाढवणारं असेल, तर मात्र जा. पण आठवड्यातून दोन दिवस घरून आणि ऑफिसला अकराची वेळ, हे सही करण्याआधी एचआरकडून ईमेलवर लिहून घ्या. नंतर कोणी देत नाही.