वसंत देसाई हे फक्त शांतारामबापूंचे संगीतकार होते का? त्यांचं काम ऐकायला सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की वसंत देसाईंची गाजलेली गाणी बहुतेक व्ही. शांतारामांच्या राजकमल या चित्रसंस्थेच्या चित्रपटांतली आहेत, मग त्यांच्या नावलौकिकात शांतारामांचा हात किती? प्रश्न रास्त आहे, पण माझं उत्तर स्पष्ट 'नाही' असं आहे, आणि त्यासाठी 1959 हे एकच वर्ष पाहिलं तरी पुरे.

शांताराम-देसाई जोडीचा 'दो आँखें बारह हाथ' 1957 मध्ये आला. त्यानंतरच्या 'नवरंग'साठी शांतारामांनी सी. रामचंद्रांना घेतलं. इतक्या वर्षांची साथ सुटलेला संगीतकार मागे पडला असता तर कुणाला नवल वाटलं नसतं. पण 'नवरंग' आला त्याच 1959 साली विजय भट्ट यांचा 'गूंज उठी शहनाई' आला. नायक सनईवादक, पडद्यावर राजेंद्रकुमार आणि सनई उस्ताद बिस्मिल्ला खाँसाहेबांची. एवढा मोठा कलावंत हाताशी असला की संगीतकाराला दोन मोह होतात. एकतर त्याच्यापुढे नुसते हात जोडून बसायचं, नाहीतर त्याची सनई गाण्यांच्या मधल्या तुकड्यांपुरती वापरायची. देसाईंनी ती सनई गोष्टीतलं एक पात्र असल्यासारखी वागवली. 'तेरे सुर और मेरे गीत' हे बिहाग रागातलं गाणं ऐकताना सनई आणि लताबाईंचा आवाज एकमेकांना कुठेही अडवत नाहीत. 'दिल का खिलौना हाये टूट गया' तर ज्यांना रागांची नावंही ठाऊक नाहीत त्यांच्याही ओठी बसलं. यात शांताराम कुठेच नव्हते.

तरीही देसाई घडले ते शांताराम ज्या कंपनीचे एक संस्थापक होते त्या प्रभातमध्येच, हे मान्य करायला हवं. जन्म 9 जून 1912, कुडाळजवळचं सोनवडे, तेव्हाच्या सावंतवाडी संस्थानात. दशावताराचा आणि भजनाचा मुलूख. पोरवयातच ते कोल्हापूरला प्रभात फिल्म कंपनीत गेले. तिथे एका माणसाने एकच काम करायचं अशी रीत नव्हती. ते पडद्यावर उभे राहिले, गायले, संगीत विभागात पडेल ते केलं. मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की प्रभातमध्ये त्यांनी गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे आणि मास्तर कृष्णराव या तिघांचंही काम जवळून पाहिलं. टेंबे नाट्यसंगीताचे आणि पेटीचे मोठे जाणकार, भोळे भावगीताच्या अंगाने विचार करणारे आणि पाश्चात्त्य वाद्यं वापरून पाहणारे, तर मास्तर हे ख्यालगायक भास्करबुवा बखल्यांचे शिष्य. नाटक, भावगीत आणि ख्याल असं तिन्ही एकाच कंपनीत शिकायला मिळणं हे केवढं भाग्य!

1942 मध्ये शांतारामांनी प्रभात सोडून राजकमल कलामंदिर काढलं. पहिल्याच 'शकुंतला'ला (1943) देसाईंचं संगीत होतं आणि तो मुंबईत स्वस्तिक थिएटरात 104 आठवडे चालला. मराठी माणसाने मात्र त्याहून जास्त लक्ष द्यावं ते 'लोकशाहीर रामजोशी' (1947) आणि 'अमर भूपाळी' (1951) या दोन चित्रपटांकडे. शाहिरी कवन पडद्यावर आणायचं म्हणजे कसरत असते. फार सजवलं तर त्याचा रांगडेपणा जातो, जसंच्या तसं ठेवलं तर चित्रपटात ते उपरं वाटतं. देसाईंनी डफ-तुणतुण्याचा ठसका राखून 'सुंदरा मनामध्ये भरली' ही रामजोश्यांचीच लावणी जयराम शिलेदारांच्या आवाजात उभी केली. आणि शाहीर होनाजीची 'घनश्याम सुंदरा श्रीधरा' आज घराघरांत जशी म्हणतात, ती 'अमर भूपाळी'तली, पंडितराव नगरकर आणि लताबाईंनी गायलेली. पुढे आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'तलं 'भरजरी गं पीतांबर' आशाबाईंकडून इतकं साधं गाऊन घेतलंय की एकही जागा, म्हणजे सुरांची नक्षी, दाखवण्यासाठी घेतलेली नाही.

आता माझ्या मते खरा मुद्दा. मी बरीच वर्षं एका शाळेत प्रार्थनेला पेटीवर बसत होतो. चारशे मुलं एका पटांगणात उभी असतात, त्यातल्या निम्म्यांना सूर सापडत नाही, काहींचा आवाज फुटत असतो, मागच्या रांगा अर्धी मात्रा उशिरा येतात. भल्याभल्या गाण्यांचा तिथे चेंदामेंदा होतो. 'ऐ मालिक तेरे बंदे हम' मात्र टिकतं. प्रत्येक ओळ संपते तिथे श्वासाला जागा आहे, शब्द तालावर ठेचून बसवलेले नाहीत, आणि अंतऱ्यात चाल वर चढते ती इतक्या ओघाने की मुलं आपसूक वर जातात, ओरडत नाहीत. 'दो आँखें बारह हाथ'मध्ये हे गाणं सराईत गुन्हेगारांच्या तोंडी आहे, भरत व्यासांचे शब्द आहेत. न गाणाऱ्या माणसांच्या तोंडी शोभेल अशी चाल बांधायची होती, आणि म्हणूनच ती शाळेत चालली, असं मला पेटीवर बसून वाटत आलं आहे. 'गुड्डी'तली (1971) 'हमको मन की शक्ति देना' ही गुलजारांची प्रार्थनाही देसाईंचीच. देशभर शाळांमध्ये म्हटल्या जाणाऱ्या या दोन्ही प्रार्थना कुडाळकडच्या एका माणसाने बांधल्या, हे कितीजणांना माहीत असतं? अशी चाल मुरली की ती कुणी बांधली असेल हा विचारच मनात येत नाही. त्यांचं नाव कमी घेतलं जातं त्याचं एक कारण मला हेच दिसतं. दुसरं साधं आहे: समकालीनांच्या मानाने त्यांनी चित्रपट कमी केले, आणि एखाद्या नायकाच्या नावाशी त्यांचं संगीत जोडलं गेलं नाही.

समूहाने गाण्याची त्यांना मनापासून ओढ होती. शाळेतल्या मुलांच्या समूहगायनासाठी त्यांनी आस्थेने काम केलं. 'छोटा जवान'मधलं गदिमांचं 'जिंकू किंवा मरू' ऐका, त्यातही हाच हात दिसेल.

आणि हाच माणूस 'झनक झनक पायल बाजे'च्या शीर्षकगीतासाठी उस्ताद अमीर खाँसाहेबांना माइकपुढे उभं करतो, अडाणा रागात. त्याच चित्रपटाच्या पार्श्वसंगीतात तरुण शिवकुमार शर्मांचं संतूर घेतो, तेही संतूर मुंबईच्या चित्रपटसृष्टीला नवखं असताना. 1966 मध्ये एम. एस. सुब्बुलक्ष्मींनी संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात गायलेल्या 'मैत्रीं भजत' या संस्कृत प्रार्थनेची चालही देसाईंची आहे. मोठ्या गायकाला चित्रपटात आणताना त्याचं गाणं पातळ करायचं नाही, ही त्यांची शिस्त होती असं मी मानतो.

नव्या आवाजावरही त्यांनी तितकाच विश्वास टाकला. वाणी जयराम यांना हिंदी श्रोत्यांपुढे आणलं ते 'गुड्डी'तल्या 'बोले रे पपीहरा'ने, मियाँ मल्हारात. त्यांना कुमार गंधर्वांबरोबर 'ऋणानुबंधाच्या जिथून पडल्या गाठी' गायला देण्याचं धाडसही देसाईंचंच. बाळ कोल्हटकरांच्या 'देव दीनाघरी धावला' नाटकातलं हे गीत. कुमारांसारख्या गायकाशेजारी नवखी गायिका, आणि ती कुठेही दबलेली नाही!

रंगभूमीवरचं काम तर वेगळ्या उत्तराचा विषय आहे. विद्याधर गोखल्यांच्या 'पंडितराज जगन्नाथ' आणि 'जय जय गौरीशंकर' या दोन नाटकांनी संगीत नाटकाला पुन्हा श्रोता मिळवून दिला, त्यात देसाईंच्या पदांचा वाटा फार मोठा आहे. 'जय गंगे भागीरथी' आणि 'नारायणा रमारमणा' ही पदं आजही स्पर्धांमधून गायली जातात.

22 डिसेंबर 1975 रोजी मुंबईत राहत्या इमारतीच्या लिफ्टच्या अपघातात ते गेले. वय 63. हृषीकेश मुखर्जी आणि गुलजार यांच्यासारख्या दिग्दर्शकांबरोबर त्यांचं काम तेव्हा रंगात आलं होतं, म्हणून हा मृत्यू मला अजून खुपतो. गाणी नसलेल्या 'अचानक'चं (1973) पार्श्वसंगीत ऐकलंत तर ते आणखी कुठे जाऊ शकले असते याचा अंदाज येईल.

सुरुवात कुठून करायची? मी तरी शांतारामांच्या चित्रपटांपासून करा असं सांगणार नाही. आधी 'आशीर्वाद' (1968) घ्या. त्यात अशोककुमारांनी स्वतः म्हटलेलं 'रेलगाड़ी' आहे, जे जवळपास निव्वळ लयीवर चालतं, आणि त्याच चित्रपटात लताबाईंचं 'एक था बचपन' आहे. दोन्ही लागोपाठ ऐका. मग 'गूंज उठी शहनाई', आणि कान थोडा तयार झाला की 'अमर भूपाळी'. 'ऋणानुबंधाच्या' मात्र आज रात्रीच ऐका, त्यासाठी कसल्याही तयारीची गरज नाही.