एनसीसी केलेल्या मुलांना एअर रायफल शिकवायला कसं तयार करावं?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: तालुक्याच्या गावी शाळेच्या हॉलमध्ये १० मीटरची छोटी रेंज उभी राहतेय, पगारी कोच परवडत नाही, आणि एनसीसी केलेली काही मुलंमुली विनामोबदला शिकवायला तयार आहेत. मी एका क्लबात अशाच स्वयंसेवकांना घडवायचं काम करते. हे नक्की जमेल. ऑलिम्पिकपर्यंत गेलेल्या नेमबाज अंजली भागवत एनसीसीतूनच नेमबाजीकडे वळल्या, म्हणजे वाट तर आधीच पडलेली आहे.

पण एनसीसीतून काय येतं आणि काय येत नाही ते आधी बघा. शस्त्राचा आदर येतो, आज्ञा पाळायची सवय येते. नळी कुणाकडे करायची नाही, हे त्या मुलांना वेगळं सांगावं लागत नाही. मात्र त्यांनी पॉइंट टू टू, म्हणजे छोट्या गोळीची रायफल, बहुतेक जमिनीवर झोपून, कोपर टेकवून चालवलेली असते. १० मीटरला उभं राहून मारायचं असतं. साडेपाच किलोपर्यंतची रायफल, साडेचार मिलिमीटरचा छर्रा, आणि दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. इथे दंडाच्या ताकदीवर रायफल धरली की पंधराव्या शॉटला हात थरथरतो. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवून वजन हाडांवरून पायांत उतरवायचं असतं. म्हणून स्वयंसेवकांनी आधी स्वतः काही आठवडे उभ्याने मारावं, तेही बरंचसं ड्राय, म्हणजे छर्रा न भरता.

तरीही ते किती छान मारतात यावर फार अडकू नका. अमेरिकेत ॲपलसीड नावाचा उपक्रम स्वयंसेवकांच्याच जोरावर चालतो. तिथे शिकवायला यायचं तर आधी चाचणीत २५० पैकी २१० गुण लागतात. पण ते झाल्यावरही उमेदवार नारिंगी टोपीतच असतो आणि जुन्या प्रशिक्षकांच्या नजरेखाली एकेक भाग शिकवत जातो. पूर्ण प्रशिक्षकाची लाल टोपी नंतर मिळते. गुणांपेक्षा ही दुसरी पायरी मला मोलाची वाटते. आमच्याकडे मारण्यात मध्यम असलेली एक मुलगी शिकवण्यात सगळ्यांत पुढे गेली, कारण तिला बघता येत होतं.

नव्या प्रशिक्षकाची नजर टार्गेटवर खिळलेली असते. छर्रा लागला की तो म्हणतो, ‘डावीकडे गेला, जरा उजवीकडे धर.’ हा सल्ला मुलांचं सगळ्यांत जास्त नुकसान करतो. ती नेम सोडून दुसरीकडे धरायला लागतात आणि मूळ चूक तशीच राहते. यावर मी एक सराव घेते. उजव्या हाताने मारणाऱ्या मुलाच्या उजव्या बाजूला, किंचित मागे, स्वयंसेवकाला उभं करते. तिथून चेहरा, डोळा आणि चापावरचं बोट दिसतं. टार्गेटकडे बघायची पूर्ण बंदी. शॉट सुटला की आधी नेमबाज सांगतो, कुठे गेला असं त्याला वाटतं. मग स्वयंसेवक सांगतो, त्याला काय दिसलं: डोळा मिटला, बोटाने झटका दिला, गाल दस्त्यावरून उचलला, श्वास फार वेळ कोंडला. त्यानंतर कागद बघायचा. सुरुवातीला ‘काही दिसलं नाही’ हेच उत्तर येतं, ते चालू द्या. नजर हळूहळू बसते, आणि एकदा बसली की मुलाचा पुढचा शॉट कसा जाणार हे स्वयंसेवक आधीच ओळखतो.

दुसरी सवय जिभेची. एका वेळी एकच दुरुस्ती, आणि तीही शॉट झाल्यावर. रायफल खांद्याला असताना एक शब्दही नाही. पाय, खांदा, श्वास, बोट असं सगळं एका दमात सांगितलं की मूल गोठतं. पाच शॉट एकाच गोष्टीसाठी द्यायचे, मग पुढची.

पहिली दुरुस्ती जवळजवळ नेहमी उभं राहण्याचीच निघते. नेम धरून डोळे मिटायला सांगा, दोन श्वास घेऊ द्या, मग डोळे उघडू द्या. रायफल बाजूला सरकलेली दिसली तर हाताने ओढायची नाही, पाय तसूभर हलवायचे. हे स्वयंसेवकांकडून इतक्यांदा करून घ्या की ते न विचारता करतील. पीप साइटच्या, म्हणजे ज्या छिद्रातून नेम धरतात त्या मागच्या भागाच्या, क्लिकचंही (नेम थोडाथोडा सरकवणाऱ्या टिचक्यांचंही) तसंच. शॉट विखुरलेले असतील तर चूक शरीरात आहे, साइटला हात लावायचा नाही. घट्ट ग्रुप होऊन, म्हणजे सगळे शॉट जवळजवळ लागून, तो एका बाजूला पडत असेल तरच क्लिक द्यायचे.

सुरक्षेत सवलत कुणालाच नको, तुम्हालाही नको. रायफल हातात नसेल तेव्हा नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे नळी रिकामी आहे हे दाखवणारी रंगीत दोरी. ‘स्टॉप’ म्हटलं की सगळ्या लेन (नेमबाजांच्या जागा) थांबल्या पाहिजेत, आणि हा शब्द ओरडायचा अधिकार सर्वांत लहान मुलालाही असावा. छर्रे शिशाचे असतात, म्हणून रेंजवर खाणं नाही आणि घरी जाण्याआधी साबणाने हात धुणं सक्तीचं. हवेच्या सिलिंडरवरची तारीख तपासायचं काम एका ठरावीक व्यक्तीकडे द्या. ‘सगळे बघतील’ असं ठेवलंत तर कुणीच बघत नाही.

आणखी एक गोष्ट, जी क्लबांमध्ये फार कमी बोलली जाते. पोझिशन सुधारताना मुलामुलींच्या खांद्याला, कमरेला हात लावावा लागतो. आधी विचारायचं, ‘कोपर सरकवू का?’, आणि होकार आल्यावरच हात लावायचा. शक्यतो स्वतः पोझिशन घेऊन दाखवायची. रेंजवर एकटा प्रशिक्षक आणि एकटं मूल कधीच नको. हे पालकांना पहिल्याच दिवशी सांगा, भिंतीवरही लावा. इथे एकदा विश्वास गेला की कितीही चांगलं शिकवलं तरी पोरं येत नाहीत.

सुरुवातीला एका स्वयंसेवकाला दोनच मुलं द्या आणि तुम्ही मागे उभ्या राहा. सत्र संपलं की त्याला दोनच प्रश्न विचारा: आज या मुलात काय पाहिलंस, आणि पुढच्या वेळी कुठून सुरू करशील? दोन्हींची नेमकी उत्तरं सलग मिळायला लागली की लेन त्याच्या ताब्यात द्या. जिल्ह्यातल्या एखाद्या अनुभवी कोचला अधूनमधून बोलवा, पण मुलांना शिकवायला नको. तुमचे स्वयंसेवक शिकवत असताना कोचला बाजूला बसून ते बघू द्या.