सोलमध्ये एकच दिवस आहे. जुना भाग पायी पाहून होईल का, आणि कुठून सुरुवात करावी?

होतो, आरामात: सकाळी मेट्रोच्या तीन नंबर लाइनवरच्या ग्योंगबोकगुंग स्टेशनच्या ५ नंबर एक्झिटने बाहेर पडा आणि साधारण पूर्वेकडे चालत राहा. क्रम असा: ग्योंगबोकगुंग महाल, बुकचोनची जुनी हानोक घरं, चांगदोकगुंग महाल, इन्साडोंग (कलावस्तूंच्या दुकानांचा भाग), मग खाली चोंगग्येचोन ओढ्याच्या काठाने ग्वांगजांग बाजार आणि दोंगदेमुन (शहराची जुनी पूर्व वेस). महालांच्या आतलं फिरणं धरून सात-आठ किलोमीटर. चढ म्हणावा तो बुकचोनलाच. तिथे लोक राहतात, म्हणून मुख्य गल्ल्यांत पर्यटकांना सकाळी १० ते संध्याकाळी ५ एवढीच मुभा आहे, नाहीतर १ लाख वॉनपर्यंत दंड. हा टप्पा शेवटी ठेवू नका. चांगदोकगुंगच्या मागच्या बागेला वेगळं, ठरावीक वेळेचं तिकीट लागतं. ओढ्याची वाट रस्त्याच्या खालच्या पातळीवर आहे, सिग्नल लागत नाहीत, त्यामुळे दमल्यावर तीच बरी. मात्र जोराचा पाऊस आला की पाणी झपाट्याने चढतं आणि वाट बंद करतात. तशा वेळी लगेच वर या.

रस्ता शोधायला नेव्हर मॅप हे अ‍ॅप घ्या, इंग्रजीत चालतं. भेटायची जागा सांगताना स्टेशनसोबत एक्झिटचा नंबरही सांगा, कारण चुकीच्या दाराने बाहेर आलात तर मोठा चौक पुन्हा जिने उतरून-चढून ओलांडावा लागतो.

वार तेवढा बघून घ्या: ग्योंगबोकगुंग मंगळवारी बंद, चांगदोकगुंग सोमवारी.