ज्वालामुखीच्या माथ्यावर एवढे मोठे सरोवर कसे तयार होते, आणि आतल्या उष्णतेने त्याचे पाणी आटत का नाही?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. ज्या मुखातून लाव्हा बाहेर पडला, त्याच्यापेक्षा कितीतरी रुंद सरोवर तिथे कसे होते, आणि खाली धग असताना पाणी टिकते कसे? माझ्या मते पहिल्या प्रश्नाचे उत्तर नीट समजले की दुसऱ्याचे अर्धे उत्तर आपोआप मिळते.

लहान विवरांत पावसाचे पाणी साचून तळी होतात हे खरेच आहे, परंतु विस्तीर्ण ज्वालामुखी सरोवरे बहुधा डोंगर आत खचल्यामुळे तयार होतात. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात मझामा नावाचा ज्वालामुखी होता. सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी त्याचा प्रचंड उद्रेक झाला आणि भूपृष्ठाखालच्या कोठीतून सुमारे ५० घन किलोमीटर शिलारस अल्प काळात बाहेर फेकला गेला. कोठी रिकामी होताच तिच्या छताला आधार उरला नाही आणि डोंगराचा माथा आत कोसळला. त्यातून आठ ते दहा किलोमीटर रुंदीचे जे कुंड बनले, त्याला कॅल्डेरा म्हणतात. त्यात साचलेले क्रेटर लेक हे सरोवर ५९४ मीटर खोल आहे. त्याला एकही मोठी नदी मिळत नाही आणि त्यातून एकही नदी बाहेर पडत नाही. पाऊस आणि बर्फ यांतून जितके पाणी येते, तितकेच बाष्पीभवनाने आणि कड्यांतील खडकांतून झिरपून जाते, म्हणून त्याची पातळी जवळजवळ स्थिर राहते. हा तोल मला डोंगर कोसळण्याइतकाच विलक्षण वाटतो.

आता उष्णतेविषयी. ज्या उद्रेकात कॅल्डेरा बनतो, त्यातच बराचसा शिलारस निघून गेलेला असतो. जो उरतो तो सहसा काही किलोमीटर खोलीवर असतो, आणि खडक उष्णतेचा मंद वाहक असल्याने वरचे पाणी उकळण्याइतकी उष्णता एरवी पोहोचत नाही. तळाशी कोमट झरे मात्र आढळू शकतात. पण उद्रेक पुन्हा झाला, तर पाणी खरोखरच नाहीसे होऊ शकते. हवाईमधील किलाउआ ज्वालामुखीच्या शिखराखालचा शिलारस २०१८ मध्ये दूरच्या उतारावरून बाहेर पडला आणि शिखरावरील हालेमाउमाउ विवराचा तळ सुमारे ५०० मीटर खचला. तळ भूजलपातळीच्याही खाली गेल्यामुळे २०१९ पासून तिथे पाणी झिरपू लागले आणि दीड वर्षात सुमारे ५० मीटर खोलीचे गरम पाण्याचे तळे तयार झाले. डिसेंबर २०२० मध्ये उद्रेक झाला आणि ते सगळे पाणी काही तासांत वाफ होऊन गेले. म्हणजे अशा सरोवराचे पाणी आकाशातूनच आले पाहिजे असे नाही; तळ पुरेसा खोल गेला की जमिनीतले पाणीही त्याला येऊन मिळते.

खचण्याशिवायही ज्वालामुखी सरोवर घडवतो. आफ्रिकेतील किवू सरोवराचे पाणी एकेकाळी उत्तरेकडे वाहत असे. विरुंगा ज्वालामुखींनी ती वाट अडवली आणि आता ते रुझिझी नदीतून दक्षिणेला टांगानिका सरोवरात जाते. वाट अडवायला ज्वालामुखीच हवा असेही नाही. ताजिकिस्तानात १९११ च्या भूकंपात एक डोंगरकडा मुर्गाब नदीत कोसळला आणि त्यामागे सारेझ सरोवर साचले. असे नैसर्गिक बांध फुटण्याचा धोका असतो, त्यामुळे त्यांच्यावर सतत लक्ष ठेवावे लागते.

मात्र जगातील सर्वांत खोल सरोवरे या दोन्ही प्रकारांत बसत नाहीत. भूकवच दोन्ही बाजूंनी ताणले जाते, समांतर प्रस्तरभंगांमधला, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या भेगांमधला, भाग खाली सरकतो आणि खचदरी तयार होते. बैकाल सरोवर अशाच खचदरीत आहे आणि त्याची कमाल खोली १,६४२ मीटर आहे. बहुतेक सरोवरे नद्यांनी आणलेल्या गाळाने काही हजार वर्षांत भरून जातात. बैकालचे वय मात्र सुमारे अडीच कोटी वर्षे मानले जाते. त्याच्या तळाशी कित्येक किलोमीटर जाडीचा गाळ साचलेला आहे, तरीही ते भरलेले नाही, कारण गाळ वर चढत असताना त्याखालची जमीन आजही खचत आहे.