गाडीवर झोपायचं, गाडीत झोपायचं की गाडीजवळ?

प्रश्न : दादा नमस्कार, आमच्याकडे पाच सीटर ईको आहे. घरात आम्ही दोघं, मुलगा दहावीत, मुलगी पाचवीत आणि सासूबाई. डिसेंबरात तोरणमाळला दोन रात्री राहायचंय, नंतर पाटणादेवी वगैरे. मिस्टरांनी यूट्यूब बघून बघून रूफटॉप टेंटचं डोक्यात घेतलंय, दीर म्हणतात ईकोच्या सीटा काढून पलंग बसवा आणि कॅम्पर करून टाका, मला वाटतं साधा तंबू बरा. कोणाचं ऐकू? – एक वाचक, शहादा

उत्तर : ताई, तुमचंच, पण तेही अर्धंच. रूफटॉपचं आधी निकालात काढू. गाडीच्या टपावर बसवायचा तो तंबू, त्यात साधारण दोन-तीन माणसं झोपतात, तुम्ही पाच. वर जायला शिडी, आणि रात्री दोनला सासूबाईंना बाहेर जायचं झालं तर कोण उतरवणार? शिवाय तो तंबूच पन्नास-साठ किलोचा असतो. गाडी चालू असताना टपावर किती वजन चालतं ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, मिस्टरांना ते पान आधी वाचायला लावा, तोरणमाळच्या घाटात वळणावर वळण आहे आणि ईको मुळातच उंच आणि अरुंद गाडी, वरती वजन टाकलं की ती कशी डोलते ते बसणाऱ्याला लगेच कळतं.

दिरांचं म्हणणं ऐकायला भारी वाटतं, पण सीटा काढल्यावर पाच जण बसणार कुठे? आणि आरसीवर जेवढ्या सीटा लिहिल्यात त्यात परस्पर बदल करणं मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मध्ये अडकतं, उद्या काही झालं तर इन्शुरन्सवालाही तेच दाखवेल.

म्हणून माझं सांगणं, सासूबाई आणि मुलगी गाडीत, तुम्ही तिघं गाडीला लागून तंबूत. तुमच्या गाडीची मागची सीट पुढे दुमडते का आणि दुमडल्यावर किती सपाट होते ते आधी बघा, खाचखळग्यात जुन्या गोधड्या भरा, वरून गादी टाका आणि एक रात्र घरच्या अंगणातच झोपवून बघा, तिथे पाठ दुखली तर तोरणमाळला दुखणारच. काचा दोन बोटं खाली, त्याला मच्छरदाणीचं कापड, आणि इंजिन बंद म्हणजे बंद. थंडी वाजते म्हणून हीटर लावून इंजिन चालू ठेवायचं नाही आणि तंबूत कोळशाची शेगडी तर अजिबात नाही, त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, झोपेतल्या माणसाला काही कळतच नाही.

आता तंबू. दुकानदार "चार जणांचा" म्हणतो तेव्हा चार माणसं खांद्याला खांदा लावून, बॅगा बाहेर. तुम्हा तिघांना सामानासकट तोच घ्या, पण डबल लेयरचा, म्हणजे आत जाळी आणि वर वेगळं कापड असलेला. सातपुड्यात डिसेंबरची रात्र चांगलीच गार असते, आपल्याच श्वासाची वाफ कापडाला आतून लागते आणि सिंगल लेयरमध्ये पहाटे थेंब थेंब अंगावर पडतात, लोक म्हणतात तंबू गळतो! तो गळत नसतो. आतली जाळी आणि वरचं कापड यांच्यात हात जाईल एवढं अंतर असलं आणि वरची खिडकी उघडी ठेवली की हा त्रास बराच कमी होतो. तोरणमाळच्या यशवंत तलावाच्या अगदी काठाला लावू नका, गार हवा खोलगटात बसते आणि दवही तिथेच जास्त, थोडं चढावर सरका.

तंबूसोबत ज्या बारीक अॅल्युमिनियमच्या खुंट्या येतात त्या आपल्या शेतातल्या काळ्या मातीत झटकन जातात आणि वरच्या मुरमाड जमिनीत पहिल्याच ठोक्याला वाकतात. लोहाराकडून 8 एमएम सळईच्या आठ-दहा खुंट्या करून घ्या, हातभर लांब, डोकं वाकवलेल्या. जिथे त्याही जाणार नाहीत तिथे सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत दगड भरायचे आणि दोऱ्या त्यांना बांधायच्या.

पाटणादेवी गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतं, तिथे मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही आणि शेकोटी पेटवणं तर नाहीच, वनखात्याला विचारूनच जा. आणि घ्यायच्या आधी एखादा तंबू भाड्याने आणा. मळ्यात भरीत पार्टी असेल त्या रात्री तिथेच लावा, कळण्याची भाकरी खाऊन झोपा, सकाळी मिस्टर स्वतःच सांगतील काय घ्यायचं ते.

प्रश्न : भाऊ, बुलेटवर मे महिन्यात फिरणार आहे, कोणता तंबू घेऊ? – एक वाचक, धुळे

उत्तर : मे मध्ये? धुळ्यात राहून विचारतोस? पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा बंद नायलॉनचा तंबू म्हणजे भट्टी, सूर्यास्तानंतरही जमीन तापलेलीच असते. दोन-अडीच किलोचा फ्रीस्टँडिंग घे, म्हणजे खुंट्यांशिवाय उभा राहणारा, आणि फक्त आतली जाळी लाव. जाळीची चेन मात्र कायम बंद ठेव, उन्हाळ्यात विंचू आणि बरेच साप रात्री फिरतात. वरचं कापड हाताशी असू दे, वळीव कधी वाऱ्यासकट येईल सांगता येत नाही, आणि वारा सुटलाच तर तंबू सोडून पक्क्या छपराखाली जा, झाडाखाली नको.

प्रश्न : कॅराव्हॅन, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊन अजिंठा, पाल असं फिरावं का? – एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यामुळे विषय आता नवा नाही. पण ठरवण्याआधी दोन गोष्टी फोनवरच विचारा : रात्री एसीला वीज कुठून मिळणार, आणि संडासाची टाकी कुठे रिकामी करायची. बाहेरून वीज जोडायची सोय नसेल तर एसी बॅटरीवर रात्रभर टिकणं अवघड. हिवाळ्यात एसी लागणारच नाही म्हणा, मग साधी मोठी गाडी आणि रेस्ट हाऊसचं बुकिंग कितीतरी स्वस्त पडेल. पालला जाणार असाल तर तेही यावल अभयारण्यात आहे, परवानगी आधी काढा.