टाकीतला डारिओ मासा कोरड्या खाद्याचे दाणे खात नाही. उपाशी ठेवला तर खाऊ लागेल का? जोडी ठेवता येईल का?

नाही, खाऊ लागणार नाही. “भूक लागली की मुकाट्याने खाईल” हा सल्ला आपल्याला कोणी दिला ते ठाऊक नाही. आमच्याकडे तो मेव्हण्यांनी दिला होता. त्यांच्या टाकीत गप्पी आहेत, त्यामुळे वरून पडेल ते गिळतो तो मासा, अशी त्यांची पक्की समजूत. त्यांनी माझ्या टाकीचे झाकण उघडून चिमूटभर दाणे टाकले. मॉसच्या (शेवाळासारख्या पाणवनस्पतीच्या) झुबक्याआड दबा धरून बसलेला, लाल पट्ट्यांचा, जेमतेम दोन सेंटिमीटरचा नर पुढे आला, एक दाणा तोंडासमोरून खाली जाईपर्यंत डोळे फिरवून पाहत राहिला आणि तो तळाला टेकताच पाठ फिरवून निघून गेला. सायंकाळी मी आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या इवल्या जिवाची) जिवंत पिल्ले ड्रॉपरने सोडली, तेव्हा हाच मासा एकेका पिल्लावर नेम धरून झडप घालू लागला. यावर मेव्हणे म्हणाले, “परदेशी मासे असेच नखरेल असतात.”

परदेशी कसला? हा उत्तर बंगाल आणि आसामचा, ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील संथ, पाणवनस्पतींनी भरलेल्या ओहोळांतला मासा. स्कॉटिश निसर्ग-अभ्यासक फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ मध्येच त्याचे वर्णन केले. २००२ मध्ये बॅडिस या जवळच्या माशांच्या प्रजातीपासून (जीनस) डारिओ ही वेगळी प्रजाती मानली गेली, आणि त्यानंतर कर्नाटक व केरळातील पश्चिम घाटातूनही तिच्या नव्या जाती नोंदल्या गेल्या. निसर्गात तो हलणाऱ्या सूक्ष्म जिवांवर जगतो, म्हणून निश्चल दाणा त्याच्या लेखी अन्नच नव्हे.

आर्टेमियाची अंडी लिटरभर पाण्यात साधारण पंचवीस ग्रॅम मीठ घालून, हवेचा पंप चालू ठेवल्यास दीडेक दिवसात उबतात. पिल्ले गाळून, धुऊन, थोडी थोडीच सोडावीत, कारण गोड्या पाण्यात ती काही तासांतच मरतात.

जोडीचे म्हणाल तर दुकानात मिळणारी ‘जोडी’ बहुधा दोन नरांचीच असते. मादी करडी, म्हणून ती विक्रीला फारशी येत नाही. लहान टाकीत दोन नर एकमेकांना सुखाने जगू देत नाहीत.

काही डारिओ कालांतराने गोठवलेले खाद्य स्वीकारतात, हे मान्य. पण ते जिवंत खाद्यावर सुदृढ झाल्यानंतर, उपासमारीने नव्हे. ज्यांना डबी उघडून चिमूट टाकण्यापलीकडे सवड नाही, त्यांनी खुशाल गप्पीच पाळावेत, आणि पाहुणे म्हणून गेल्यावर दुसऱ्याच्या टाकीचे झाकण उघडू नये.