लोफोतेनच्या बंदराचे चित्र खरोखर उदास आहे का?

आपला प्रश्न असा आहे की, नॉर्वेच्या उत्तरेकडील लोफोतेन बेटांवरच्या मासेमारी बंदराचे एकोणिसाव्या शतकातील चित्र इतके निर्जीव का वाटते: बर्फाचे डोंगर, काळसर पाणी, काठाला लागलेल्या होड्या आणि मुंगीएवढी माणसे. माझ्या मते आपण चित्र नीट पाहिले आहे, फक्त ऋतू ओळखण्यात चूक झाली आहे.

ही चूक मीही केली होती. माझे बालपण हर्णै बंदराजवळ गेले आणि तिथे होड्या वर ओढलेल्या दिसल्या की पावसाळा आला, धंदा थांबला, एवढेच कळायचे. लोफोतेनचा हिशोब उलटा आहे. बॅरेंट्स समुद्रातील कॉड मासा साधारण जानेवारी ते एप्रिल या काळात अंडी घालण्यासाठी तेथे येतो आणि उबदार सागरी प्रवाहामुळे एवढ्या उत्तरेलाही समुद्र गोठत नाही, त्यामुळे भर हिवाळा हीच तेथील सुगी असते. चित्रातील बर्फ हा सुगीचाच बर्फ आहे.

आता काठावरच्या लाकडी मांडण्या पाहा. आपल्याकडे बोंबील वाळवण्याच्या वलांडी असतात, तशाच त्या आहेत, मात्र तेथे कॉडच्या जोड्या शेपटीला बांधून मिठाशिवाय थंड वाऱ्यावर वाळवतात. मांडण्या रिकाम्या असतील तर हंगाम नुकताच सुरू झाला असावा. भरलेल्या असतील तर मासळी हाती आली आहे. प्रकाशही हेच सांगतो. डिसेंबरात बहुतेक दिवस तेथे सूर्य क्षितिजावर येतच नाही, म्हणून बर्फावर गुलाबी ऊन आणि लांब निळ्या सावल्या दिसत असतील, तर सूर्य परतला आहे असे समजावे.

डोंगरांच्या अवाढव्यपणावर मात्र मी फारसा विश्वास ठेवत नाही. नॉर्वेचे कित्येक चित्रकार त्या काळी ड्युसेलडॉर्फ आणि बर्लिन येथे काम करत होते आणि तेथील गिऱ्हाइकाला भव्य निसर्ग हवा असे. गुन्नार बर्ग (१८६३–१८९३) हेही ड्युसेलडॉर्फला शिकले, पण ते लोफोतेनमधील स्वोल्वेर गावच्या व्यापारी घराण्यातले होते. वाफेच्या बोटींनी तेथील ट्रोलफ्योर्ड या अरुंद खाडीचे तोंड अडवल्यावर १८९० मध्ये साध्या होड्यांतील मच्छिमारांची त्यांच्याशी झटापट झाली, तो प्रसंगही बर्ग यांनी रंगवला. म्हणूनच आपल्या चित्रात एकाच चौकोनी शिडाच्या उघड्या होड्यांमागे कुठे धुराची रेघ दिसते का, हे एकदा तपासून पाहावे.